बुधीबाई आणि एक हंडा पाणी

परवा माझ्या धाकट्याला, संदीपला, एक फोन आला. गिरणाऱ्याच्या पलीकडं कोणाची तरी जमीन आहे. दहा-बारा वर्षं पडीक, घाणेरी आणि करवंदीनं गच्च भरलेली. ती साफ करून त्यांना झाडं लावायची आहेत, मशीन पाठवा म्हणाले. संदीपनं फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "आप्पा, कुठलं पाठवू? मोठं का ट्रॅक्टर?"

मी म्हटलं, "आधी एक हंडा पाणी घेऊन जा."

तो हसला. आतून सूनबाईही हसल्या. मला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही, म्हणून गप्प बसलो. पण मग वाटलं, कोणी सांगितल्याशिवाय यांना कळणार तरी कसं? म्हणून लिहायला घेतलं. माझं शिक्षण चौथी. कळवणकडच्या शाळेत मास्तरांशी भांडून दप्तर तिथंच टाकून आलो, ते आजपर्यंत आणायला गेलेलो नाही. तेव्हा अक्षर वाकडं येईल. पण हंड्याची गोष्ट माझी नाही, बुधीबाईची आहे, आणि ती मी सरळच सांगणार.

सातपूरला माझं यार्ड आहे. वेल्डिंगच्या एका मशीनवर सुरू केलं, मग ट्रॅक्टर आला, मग जेसीबी, मग दुसरा जेसीबी. नाशिकच्या आजूबाजूला किती बागांच्या जमिनी मी सपाट केल्या, किती प्लॉट पाडले, याची गणती नाही. माझं काम साफ, असं लोक म्हणायचे. साफ म्हणजे कसं, की काम झाल्यावर तिथं पंगत बसवावी. एक काडी नाही, एक खुंट नाही, नुसती तांबडी माती, लग्नाच्या अंगणासारखी. त्याचा मला अभिमान होता. दुसऱ्या कोणाचं काम बघितलं की मी आधी कोपऱ्यात राहिलेली झुडपं दाखवायचो.

अशा माणसाच्या दारात बुधीबाई आली. सात-आठ वर्षं झाली असतील. उन्हाळा होता, शिफ्ट सुटलेली, रस्त्यावर मोटारसायकलींची झुंबड. आणि गेटाशी ही उभी. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, दोन्ही हातांवर गोंदण, कमरेला कोयता. सातपूरच्या रस्त्यावर कमरेला कोयता लावलेली बाई बघून आमचा वॉचमन दोन पावलं मागं सरकला होता. तिच्या पाठीमागं एक तरणा गडी, शर्ट खोचलेला, हातात प्लास्टिकची फाईल. तो लक्ष्मण. पेठ तालुक्यातल्या मोहपाड्याच्या वनसमितीचा अध्यक्ष. अध्यक्ष तो, पण पुढं चालत होती ती.

लक्ष्मणनं फाईल उघडली. पाड्याच्या डोक्यावरचा डोंगराचा उतार आता गावाच्या नावावर झाला होता, त्याचा कागद होता. एके काळी तिथं सागाचं आणि सादड्याचं रान होतं. बुधीबाई तरणी असताना ठेकेदारानं ते तोडून नेलं, आणि मोकळ्या जागेत घाणेरी घुसली. घाणेरी गुरं खात नाहीत, तिच्यातून माणसाला वाट मिळत नाही आणि तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. ती काढून पावसाआधी खड्डे तयार करायचे आणि पावसात झाडं लावायची, असा बेत होता.

लक्ष्मण नकाशा काढायला लागला तशी ती म्हणाली, "थांब रं." आणि तिनं माझ्या टेबलावर आपलं गाठोडं सोडलं. आत घाणेरीचं एक मूळ, मनगटाएवढं. एक दगड. आणि पळसाच्या तीन पानांत बांधलेली तीन मुठी माती.

"ही खालच्या अंगाची, ही मधली, आन् ही वर, पाण्याच्या झिऱ्याच्या डोक्यावरची. आता सांग, कुठलं मशीन लावायचं?"

ती 'आहे'ला 'आहा' म्हणायची, बाकी बोलणं तुटक आणि सरळ. मी हसलो. म्हटलं, "मावशी, मशीन काही माती बघत नाही."

"म्हणून तर तुला इच्यारते. तू बघतोस का?" आणि लगेच पुढं, "आन् मावशी कोणाला म्हणतोस? तूच माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोस."

वॉचमन हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर थांबला.

मग ती यार्डात फिरली. गिऱ्हाईक यायचं, रेट विचारायचं, निघून जायचं. हिनं रेट लक्ष्मणवर सोडला. हिचा प्रश्न एकच. जेसीबीच्या चाकावर थाप मारून म्हणाली, "हे किती बैलांइतकं जड?"

आयुष्यात मला कोणी हे विचारलेलं नव्हतं. मी हिशोब करून म्हटलं, "वीस बैल धरा."

"वीस बैल एका जागी हुबे केले तर माझ्या डोंगराचं काय होईल?" ट्रॅक्टरशी गेली. "हे?" म्हटलं, पाच. मग भिंतीला टांगलेलं गवत कापायचं मशीन दिसलं, खांद्याला अडकवायचं, पुढं पातं फिरतं ते. ते तिनं सरळ खांद्यावर घेतलं, उड्या मारून बघितलं. "हे शेळीच्या पिल्लाएवढं आहा. चांगलं आहा. पण हे नुसते केस कापंल. मूळ तसंच."

चहा दिला. पिऊन झाल्यावर तिनं कप उपडा घातला. बाकावर बसली नाही, जमिनीवरच उकिडवी बसली होती. जाताना म्हणाली, "शेठ, घाणेरी निघाली पायजे, माती राह्यली पायजे आन् झिरा राह्यला पायजे. यातलं येक जरी गेलं तरी बाकीची दोन काय कामाची नाय."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. नुसतं ऐकलं.

आठ दिवसांनी मशीन ट्रेलरवर चढवून सावळघाट ओलांडून गेलो. जेसीबी मी स्वतः चालवायचो, नवीन गिऱ्हाइकाकडं दुसऱ्याला पाठवायचो नाही. पाड्यावर पोचलो तर ही हंडा घेऊन उभी. मला वाटलं, मशीनची पूजा करायची असेल, मी नारळ आणलाच होता. पण ही म्हणाली, "मशीन राहू दे. आधी चल." आणि चप्पल काढून चढायला लागली. मलाही म्हणाली, "काढ बूट." मी बूट काढले नाहीत. मी कोणाच्या सांगण्यावरून बूट काढत नाही.

उताराच्या पायथ्याशी ती थांबली आणि हंड्यातलं थोडं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी पसरलं, रेंगाळलं, मुरलं. वर पन्नास पावलं गेली, पुन्हा ओतलं. तिथं पाणी निघालं खरं, पण सावकाश, वाट शोधत. अजून वर, जिथून खाली झिऱ्याचा काळा दगड दिसत होता, तिथं ओतलं. पाणी सुसाट खाली गेलं, सोबत बारीक माती घेऊन.

"बघितलंस? जिथं पाणी बसतं, तिथं तुझे वीस बैल चालव. जिथं पाणी चालतं, तिथं ते खांद्यावरचं मशीन आन् कुदळ. जिथं पाणी पळतं, तिथं नुसती माणसं, तीबी अनवाणी."

पंचवीस वर्षं मी जमिनीची कामं केली होती. लेव्हल बघायला माझ्याकडं दुर्बीण होती, पट्टी होती. हंडा नव्हता. मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलतेय हे मला तिथंच कळलं होतं.

तो झिरा म्हणजे कपारीतून येणारी बोटाएवढी धार. खाली दगडात कोरलेली कुंडी. उन्हाळ्यात अख्ख्या पाड्याचं पाणी तेवढंच. बायका ओळीनं हंडे लावायच्या, आणि बुधीबाईचा हंडा भरून झाला की ती कुंडीच्या कडेवरचा पाचोळा बोटानं उचलायची. एक एक पान. झाडून काढायची नाही. म्हणायची, झाडलं की माती हलते.

घाणेरी काढायची तिची रीत अशी. झुडूप वरून छाटायचं, मग बुंध्याशी चार बोटं माती उकरून मूळ जिथं जाड होतं त्याच्या खालून कुदळीनं तोडायचं, आणि झुडूप उपटून तिथंच उलटं ठेवायचं. मुळं आभाळाकडं. "सुलटं टाकलंस तर परत रुजंल. लय बेशरम आहा. उलटं केलं का मरतं." ही सवय तिच्या हाडात गेली होती. कप उपडा, हंडा उपडा, घरात गेलं तर ताटं उपडी. लक्ष्मण तिला चिडवायचा, "बुधीआई, मला बी रात्री उपडं झोपवते का?" ती म्हणायची, "तुला कशाला? तू कुठं रुजतोस?" कारण लक्ष्मण दर दोन दिवसांनी मोटारसायकल काढून पेठेला पळायचा.

एकदा झाडांसाठी मदत करणाऱ्या संस्थेच्या एक मॅडम आल्या, वही घेऊन. त्यांनी विचारलं, "आजी, लावलेल्यातली किती झाडं जगतील?" बुधीबाई नागलीच्या भाकरीवर खुरासणीची चटणी पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्यांना 'तहान लागली का' म्हणून इच्यारायला कोण जाईल, तेवढी." मॅडमनी ते वहीत लिहिलं का नाही, माहीत नाही. मग तिनं त्यांना भाकरी दिली, आणि त्या उन्हात बसून जेवल्या.

खालचा सपाट पट्टा मी चार दिवसांत काढला. मधल्या पट्ट्यावर पाड्यातली पंधरा माणसं, दोन गवत कापायची मशीनं आणि कुदळी. दिवसाला एवढंसं काम व्हायचं. मी खाली जेसीबीच्या सावलीत बसून ते बघायचो आणि माझे हात शिवशिवायचे. मशीन उभं राहिलं की मला आजारी पडल्यासारखं वाटतं.

दहाव्या दिवशी बुधीबाई सुरगाण्याकडं गेली. तिची लेक बाळंत होणार होती. जाताना लक्ष्मणला म्हणाली, "मी तीन दिवसांत येते. मधल्या पट्ट्यात हळूच करा." मला काही म्हणाली नाही. तिला वाटलं असेल, हंड्याचं मला कळलंय.

कळलं होतंच. पण त्या दिवशी लक्ष्मण माझ्याकडं आला. आभाळ भरून यायला लागलं होतं आणि पाऊस लवकर आला तर खड्डे राहतील, अशी त्याला काळजी. म्हणाला, "शेठ, मधल्या पट्ट्यात मशीन घालता येणार नाय का?" दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर तो 'बुधीबाईला येऊ दे' म्हणाला असता. मी म्हटलं, "माझ्या मशीनला चढता येत नाही अशी जागा नाशिक जिल्ह्यात नाही."

दोन दिवसांत मी तो पट्टा काढला. पुढच्या बकेटनं खरवडून, घाणेरी मुळांसकट, वरची माती, दगड, जुने वाळलेले खुंट, सगळं ढकलून कडेला ढीग लावला. शेवटी बकेटची पाठ फिरवून जमीन चोपली. उतार असा दिसायला लागला की काय सांगू. तांबडा, गुळगुळीत, एक काडी नाही. पाड्यातली माणसं बघायला आली. लक्ष्मणनं फोटो काढले. एक म्हातारा म्हणाला, "नवरीवानी सजवलंय." मी मशीनवर बसून बिडी पेटवली आणि मला वाटलं, येऊ दे आता बाईला.

ती आली. सोबत नातवंड झाल्याच्या आनंदाचे गूळ-खोबऱ्याचे तुकडे होते. मला एक दिला आणि वर बघितलं.

आरडाओरडा नाही. ती अनवाणी त्या पट्ट्यावर चालत गेली, मधोमध उभी राहिली, खाली बसली. मूठभर माती उचलून हातात घेतली आणि सोडली. ती पिठासारखी उडाली. मग मला म्हणाली, "खुंट कुठं गेले?"

"कुठले खुंट? ती वाळलेली लाकडं? ढिगात घातली."

ती ढिगाकडं गेली. उपसून उपसून एक खुंट काढला, मांडीएवढा, काळपट, मेलेला. मी तर त्याला मेलेलाच म्हणालो असतो. तिनं नखानं त्याची साल खरवडली. साल सुटली आणि खाली हिरवं. काकडीच्या आत असतं तसं ओलं हिरवं.

"हा सादडा आहा. ठेकेदारानं तोडला तवा मी तुझ्या सुनेएवढी होते. दर पावसात फुटायचा, घाणेरी दाबायची. परत फुटायचा. म्हणून घाणेरी काढायची होती, शेठ. झाडं लावायची ती नंतर. ही तर लावलेलीच होती."

एकामागून एक काढत गेली. खरवडून माझ्या पुढं ठेवत गेली. साग हिरवा. साग हिरवा. सादडा हिरवा. एक खैर मेलेला निघाला तर मला बरं वाटलं, म्हणजे बघा माझं काय झालं होतं.

लक्ष्मण मान खाली घालून उभा. मी खिशातून चावी काढली. मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. कारखान्यात असताना मुकादम एकदा सगळ्यांसमोर बोलला म्हणून कायमची नोकरी सोडून आलेला माणूस मी. मशीनकडं चालायला लागलो. पाठीमागून ती म्हणाली, "जा. पण हे पुरणार कोण? यांना तू काढलंस तर तुलाच म्हाईत, कुठला कुठं होता."

हे खरं होतं. कुठला खुंट कुठल्या जागेचा, ते फक्त मला माहीत होतं. मी बूट काढले.

दोन दिवस मी आणि पाड्यातली माणसं ते खुंट परत पुरत होतो. एकतीस होते. हातानं खड्डे, झिऱ्याचं पाणी, वरून ओली पोती. पाड्यानं त्या दोन दिवसांत आपल्या पिण्यातलं पाणी त्या लाकडांना दिलं. मला कोणी काही बोललं नाही. बुधीबाई फक्त प्रत्येक खुंटाशी विचारायची, "हा असाच होता का? तोंड कुठं होतं?" आणि मी सांगायचो. मला आठवत होतं. माझं काम मला आठवतं.

मग पाऊस लागला आणि मी मशीन घेऊन सातपूरला आलो. पंधरवड्यानं फोन आला. लक्ष्मणच्या फोनवरून, पण बोलली ती. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोलत असावी, कारण ओरडून बोलत होती. "शेठ, ये एकदा." एवढंच.

गेलो. झिऱ्याची कुंडी तांबड्या गाळानं भरली होती. मी नवरीसारखा सजवलेला उतार धुऊन खाली आला होता. धार कपारीतून येतच होती, पण गाळात. पाड्याच्या बायका चिखल तुडवत खालच्या ओहोळावर हंडे घेऊन जात होत्या. माझ्या समोरून गेल्या. एकीनंही मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो.

बुधीबाईनं माझ्या हातात घमेलं दिलं. "मशीन लावू नको. कपार हलंल." मी आणि ती, दोघांनी तीन दिवस गाळ काढला. गाळ काढताना तिनं एक शब्द त्याबद्दल काढला नाही. नातवाबद्दल बोलायची. त्याचं नाक कोणावर गेलंय याबद्दल. तिसऱ्या दिवशी धार निवळली. तिनं ओंजळभर प्यायली, मला दिली, आणि कुंडीच्या कडेवरचं एक पान बोटानं उचललं.

माफी मला मागता येत नाही. बायकोचीही कधी मागितली नाही, ती गेल्यावर हे ध्यानात आलं. मी दुसरं केलं. जेसीबीचं मागचं बकेट, खोदायचं, दातांचं, मी काढलं, गाडीत घालून नेलं, आणि सहा माणसांनी उचलून झिऱ्यापासून थोडं वर, ओट्यासारखं, उपडं ठेवलं. एका मोठ्या सादड्याच्या खुंटाशेजारी. त्या उतारावर हे दात परत चालणार नाहीत, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. बुधीबाई त्याच्याभोवती फिरली, त्यावर बसून बघितलं आणि म्हणाली, "उलटं घातलंस ते बरं केलंस. आता परत रुजायचं नाय." आणि इतकी हसली की तिला खोकला आला.

पण वरचा पट्टा, पाणी पळतं तो, अजून बाकी होता. तिथं कुदळ मारली तरी माती सुटायची. मी तिला म्हटलं, "तुला मशीन मी देतो. थांब." सातपूरला येऊन वर्कशॉपमध्ये स्वतः बसलो. मूळ पकडून सरळ वर ओढायचा चिमटा करायचा, लांब दांड्याचा, म्हणजे माती खणायलाच नको.

पहिला केला तो घेऊन गेलो. तिनं उचलला आणि ठेवला. "हे बायकांनी उचलायचं, का यानं बायकांना उचलायचं?" सगळ्या बायका हसल्या. परत आणला. दुसरा हलका केला, जबड्याला धार लावली. तिनं मूळ पकडून दांडा दाबला, आणि मूळ कचकन तुटून अर्धं खाली राहिलं. "हे तर चावतं. चावायला नाय सांगितलं. धरायला सांगितलं." परत आणला. तिसऱ्या वेळी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद घेतलं, दात बोथट ठेवले, दांड्याला पाय ठेवायला आडवी पट्टी दिली. तिनं मूळ धरलं, पट्टीवर पाय दिला, आणि ते मूळ सुतासारखं सरळ वर आलं. शेपटापर्यंत. भोकातली माती भोकातच राहिली.

तिनं ते उलटं ठेवलं. चिमट्याकडं बघितलं. जबडा चोचीसारखा होता म्हणून त्याला 'कावळा' म्हणाली. आणि मला म्हणाली, "मिस्तरी, असे अजून पाच आण."

तोपर्यंत मी शेठ होतो. त्या दिवसापासून मिस्तरी झालो. सातपूरमध्ये मला शेठ म्हणणारे पुष्कळ आहेत. मिस्तरी म्हणणारी तीच होती. वरचा पट्टा दोन उन्हाळे घेऊन कावळ्यांनीच साफ झाला. मशीनला जे दोन दिवस लागले असते त्याला दोन उन्हाळे. झिरा एकदाही गढूळ झाला नाही.

एकतीस खुंटांतले अकरा जगले. साग बहुतेक. आता ते माझ्या दीडपट उंच आहेत. दुधाच्या पिशव्यांत तिनं वाढवलेली मोहाची, जांभळाची, हिरड्याची रोपं मधल्या जागांत आहेत. मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. काम काढून जायचो, कावळ्याचा दांडा बघायला, असं. ती मला भाकरी घालायची आणि माझ्याशी भांडायची. तिला मरण येईल असं मला का कोण जाणे वाटलंच नव्हतं. गेल्या वर्षी पाऊस तोंडावर असताना लक्ष्मणचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो.

त्यानंतर पेठेकडं गेलेलो नाही. लक्ष्मण बोलावतो. काम आहे म्हणतो. आज संदीपच्या गाडीत मी स्वतः हंडा ठेवला आहे, पितळेचा, जड. त्याला सांगितलंय, तीन ठिकाणी ओत, आणि पाणी काय करतं ते मला फोनवर सांग, मग मी मशीनचं बघतो. तो आता हसत नाही.

तिला शेवटचं बघितलं ते गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला. गुडघे गेले होते. सकाळी थोरल्या नातवाची बायको तिला धरून वर नेऊन त्या उपड्या बकेटवर बसवायची आणि दुपारी आणायची. शेजारचा सादड्याचा तो मोठा खुंट, मी काढलेला आणि मीच पुरलेला, चार-पाच वर्षं फुटत राहिला होता. त्या वर्षी मात्र फुटले ते कोंब वाळून गेले होते. मला म्हणाली, "बघ रं." मी वाकून नखानं साल खरवडली. तपकिरी. दुसरीकडं खरवडली. तपकिरी.

"गेला हा," मी म्हटलं.

"तुझं नख बोथट झालं, मिस्तरी. येक पाऊस बघू."

"दर वेळी एक पाऊस."

"मग काय दोन बघू?"

मी निघालो. उतारावरून वाट वळते तिथं गाडी सावकाश घ्यावी लागते. आरशात ती दिसली. बकेटवरून खाली उतरली होती, कशी उतरली कोण जाणे, आणि खुंटाशी जमिनीवर बसली होती. बोटांनी बुंध्याची माती बाजूला करत होती, अगदी खाली, जिथं मी बघितलंच नव्हतं. वाकून खरवडलं. थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग माझ्या गाडीकडं वळून हात वर केला आणि हलवायला लागली. जा म्हणत होती का माघारी ये म्हणत होती, ते आरशात कळलं नाही. मी हॉर्न वाजवला आणि घाट उतरलो.